पहिलं ताट

अकोल्यात गोदाबाईच्या खानावळीत आम्ही कापसाच्या जिनातले कारकून जेवायचो. बाई तोंडाची फटकळ, पण हाताला चव. तिचा एक नियम होता. स्वयंपाक झाला की पहिलं ताट रांधणारीनं खायचं, मग आमची पंगत. आम्ही पाटावर ताटकळत बसायचो आणि मनातल्या मनात तिला शिव्या द्यायचो.

त्या हंगामात वलगावची जमुना तिच्याकडे काम शिकायला आली. नवरा वारलेला, माहेरी भावजय धुसफुसणारी. इथं हात बसला की अमरावतीला स्वतःची खानावळ काढायची, एवढीच बिचारीची आशा. गोदाबाईनं घालवून दिलं तर तिला दुसरा थारा नव्हता.

"जेवली का वं, जमुना?" गोदाबाई रोज विचारायची.

"हो, जेवली."

मग आमची ताटं यायची.

एके दिवशी दोडक्याची भाजी तोंडात घातली अन् ओकारीच आली. कडूजहर! अख्खी पंगत बोंबलली, मी सर्वांत जास्त. गोदाबाईनं भाजीवाल्या पार्बताबाईला बोलावून दारातच झापलं, "असा माल आणतं? उद्यापासून तुयी टोपली इकडं दिसू नोको."

म्हातारी टोपली उचलू लागली. तेवढ्यात जमुना चुलीपासून उठून आली.

"तिले नका बोलू, बाई. दोडका कडू का गोड, बाहेरून कोणाले समजते? मी चाखलाच नाही. मी रोजच तुमाले खोटं सांगत होती."

"कावून?"

"माणसं उपाशी बसली असताना मले घास जातच नाही. घरी आमी बाया सगळ्यात मागून जेवतो."

एवढं बोलून ती आपलं बोचकं बांधायला वळली.

गोदाबाईनं तिचा हात धरला. पार्बताबाईच्याच टोपलीतले दोडके घेतले, चिरताना एकेक चाखला आणि भाजी पुन्हा टाकली. मग आमच्यासमोरच पाट मांडून जमुनाला बसवलं आणि स्वतः ताट वाढलं. त्या पोरीला कुणी ताट वाढल्याला किती दिवस झाले असतील, देव जाणे. तिचे डोळे घळाघळा वाहू लागले. आमच्या पोटात कावळे ओरडत होते, पण कुणी ताट मागितलं नाही. मला तर माझ्या बोंबलण्याची लाज वाटली.

"रडू नोको," गोदाबाई म्हणाली. "मीठ कसं झालं, ते सांग."

जमुनानं घास गिळला.

"कमी आहे, बाई."

गोदाबाई उठली आणि मीठ घेऊन आली.