कण्णाडी झाकून ठेवा

विद्याधर देवस्थळीचा दृष्ट लागण्यावर विश्वास नव्हता. परावर्तनाच्या नियमावर होता. प्रकाश ज्या कोनाने येतो त्याच कोनाने परततो, एवढ्या एका वाक्याच्या भरवशावर त्याने घरमालकिणीच्या गच्चीवर आरशांची रांग उभी केली होती, आणि त्या वाक्याने त्याला कधीही दगा दिला नाही. दगा दिला तो एका साध्या शब्दाने.

तो नुंगंबाक्कमच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवी. पुण्याहून मद्रासला आल्यापासून वेस्ट मांबलममध्ये राजसबाईंच्या घराचा मागचा भाग त्याने भाड्याने घेतला होता. राजसबाई तंजावरकडच्या, कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरलेल्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्या बोलण्यातली क्रियापदे जुन्या दरबारातली आणि नामे मांबलमच्या बाजारातली असत. ‘विद्याधर’ हे नाव त्यांच्या तोंडी पहिल्याच आठवड्यात ‘वाद्यार’ झाले. तमिळमध्ये वाद्यार म्हणजे मास्तर. तेव्हा तक्रारीला जागा नव्हती.

मागच्या अंगणाच्या पूर्व कडेला त्याने लहानसे काचघर बांधले होते. मिरचीवरचा चुरडामुरडा रोग किडे पसरवतात. जिथे किडा शिरणार नाही अशा जागी रोपे वाढवून निरोगी बी धरायचे, असा बेत होता. दोन पिढ्या उत्तम निघाल्या. तिसरी पेरली आणि कुंपणापलीकडे तीन मजली इमारत उभी राहिली. काचघरातले सकाळचे ऊन गेले. रोपे काडीसारखी उंच वाढली, पिवळी पडली, कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या.

गच्चीवर मात्र इमारतीच्या माथ्यावरून ऊन पोहोचत होते. ते खाली पाठवायचे, एवढाच प्रश्न होता. टी. नगरातल्या एका साड्यांच्या दुकानाने भिंतींवरचे जुने आरसे काढून टाकले होते. त्यांचे तुकडे विद्याधरने वाकवलेल्या बांबूच्या चौकटीवर बांधले आणि चौकट कठड्याशी रोवली. प्रत्येक आरशाचा कवडसा आधी अंगणावरच्या मोकळ्या हवेत इतरांना छेदून जाई आणि मग काचघरातल्या आपापल्या वाफ्यावर पसरे. जिथे सगळे एकमेकांना छेदत तिथे हवेशिवाय काही नव्हते. जानेवारीत त्याने ही गोष्ट तपासून पाहिली होती.

राजसबाईंना चौकट आवडली नाही.

“घराकडे तोंड करून कण्णाडी ठेवूं नये, वाद्यार. आलेली दृष्ट फिरून आपल्याच दारांत पडती.”

दृष्टीला वजन नसते, आक्का, असे तो म्हणाला.

“तुमच्या मिरच्यांस तरी कुठें आहे?” राजसबाईंनी विचारले आणि त्या आत गेल्या.

पंधरवड्यात पानांवर हिरवा रंग चढला, आणि विद्याधरने हा वाद आपण जिंकला असे मानले.

मार्चमधल्या एका सोमवारी कॉलेजला सुट्टी होती. राजसबाईंनी वडाम, म्हणजे तांदळाच्या पापड्या, वाळत घातलेली चटई त्याच्यापुढे आणून टाकली. चटईवर तळहाताएवढा रुंद तपकिरी पट्टा उमटला होता. मधला भाग काळा होता आणि बोट लावताच त्याचा चुरा झाला. दृष्टच ही, असे राजसबाईंचे मत पडले. चटई जिथे अंथरली होती तिथे विद्याधर गेला. सगळे कवडसे एकवटून जमिनीवर एक पांढरा डाग पडला होता. त्यात त्याने हात धरला आणि लगेच काढून घेतला.

मग तो उकिडवा बसला आणि जे गणित जानेवारीत करायला हवे होते ते आता त्याने केले. सूर्य दुपारपर्यंत जसा वर चढतो तसा आरशातला प्रकाश घराच्या जवळ सरकतो. सूर्य उत्तरायणात जसा उत्तरेला जातो तसा तो प्रकाश दक्षिणेला जातो. दक्षिणेला, घराच्या मागच्या भिंतीला लागून, नारळाच्या वाळलेल्या झापांचा मांडव होता. अंगणातली सर्वांत थंड जागा तीच. म्हणून मांडवाच्या आडव्या बांबूला साडीची झोळी टांगलेली असे, आणि झोळीत विद्युलता. विद्याधरच्या चाळिशीत जन्मलेली त्याची मुलगी, चार महिन्यांची.

डाग आणि मांडव यांच्यात एका हाताचे अंतर उरले होते.

चौकट त्याच क्षणी खाली घेता आली असती. पण रोपांना नुकती फळे धरली होती. बी पक्व व्हायला अजून थोडे ऊन हवे होते. आणि सकाळचा प्रकाश निरुपद्रवी होता, तो सरळ काचघरावर जाई. धोका सूर्य चढल्यानंतरचा. तोवर आरसे झाकले की झाले. त्याची पत्नी प्रमोदिनी बाळात गुंतलेली असे; राजसबाई सकाळची कामे आटोपून गच्चीवर जातच असत. मंगळवारी निघताना त्याने त्यांनाच सांगितले. एरवी तो ‘आरसा’ म्हणे, आणि त्यांना तो शब्द पुरता ठाऊक होता. पण मांडवाच्या भीतीने त्याला त्या दिवशी जरा आर्जवी केले होते; त्यांचा शब्द वापरावा, म्हणजे त्या मनावर घेतील, असे त्याला वाटले.

“आक्का, स्वयंपाक उरकला की कण्णाडी झाकून ठेवा. गोणपाटाने. विसरू नका.”

“झांकितें की,” राजसबाई म्हणाल्या.

दुसरा तास संपवून तो वर्गाबाहेर आला तेव्हा राजसबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. कॉलेजजवळच त्यांची भाची राहत होती, तिच्याकडे त्या निघाल्या होत्या. त्यांनी पदराआडून एक डबी काढली.

“तुमची मूक्कु-कण्णाडी घरीं राहिली.”

तो त्याचा वाचायचा चष्मा होता. तमिळमध्ये मूक्कु म्हणजे नाक. नाकावरची काच. विद्याधरने डबी घेतली आणि तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने शक्य तितक्या शांतपणे विचारले की, दुसरी कण्णाडी झाकली ना?

“झांकिली. सगळें छप्पर झांकिलें. वरून पाणीहि शिंपडिलें, मिरच्यांस थंड वाटावें म्हणून.”

“छप्पर?”

“कण्णाडीच्या घराचें.”

राजसबाईंच्या शब्दात काच आणि आरसा यांच्यात भेद नव्हता. काचघर गोणपाटाखाली होते. आरसे उघडे होते.

पुढच्या वर्गाला निरोप न देताच तो स्टेशनकडे धावला. गल्लीत कुणाकडे टेलिफोन नव्हता. फलाटावर गाडी नव्हती, आणि ती येईपर्यंत त्याच्या डोक्यात आकृती आपोआप पूर्ण होत गेली. ज्याला भूमिती येत नाही तो अशा वेळी देवाची आशा धरू शकतो. विद्याधरला तेवढीही सोय नव्हती. आकाशात ढग नव्हता. आपली सावली किती आखूड झाली आहे ते त्याने पाहिले आणि पुन्हा खाली पाहायचे टाळले.

मधले कोडंबाक्कम स्टेशन मागे पडले तेव्हा त्याला आज मंगळवार असल्याचे आठवले. मंगळवारी आणि शुक्रवारी राजसबाई बाळाला तेल लावून न्हाऊ घालत, मग निखाऱ्यावर सांब्राणी टाकून त्या धुपाने तिचे जावळ सुकवत आणि झोळीत निजवत. न्हालेले मूल गाढ झोपते. रात्रभर जागलेली प्रमोदिनीही शेजारीच चटईवर लवंडते. घरभर धुराचा वास असतो. आज धूर आला तर तिला तो सांब्राणीचाच वाटणार होता.

गाडी मांबलमला लागायच्या आधीच त्याने उडी मारली.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला वास आला. उदाचा गोड वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा काही होता की नाही हे धापेमुळे ठरवता येईना. तो घराला वळसा घालून मागे गेला.

मांडवाच्या छपरातून धूर निघत होता. ज्वाळा नव्हती. छपराला ताटलीएवढे भोक पडले होते, त्याच्या कडा लाल होऊन हळूहळू रुंदावत होत्या, आणि त्या भोकातून प्रकाशाचा एक पांढरा खांब आत उतरला होता. तो चटईवर, प्रमोदिनीच्या पायांपासून वीतभर अंतरावर पडला होता. वरून काळी राख झोळीत झिरपत होती. झोळी हलत नव्हती.

विद्याधर मधे घुसला. त्याच्या खांद्यावरून काहीतरी सर्रकन चटका देत गेले. त्याने झोळीत हात घालून मुलीला उचलले आणि उन्हात आणून तिच्या तोंडाकडे पाहिले. तिच्या कपाळावर राखेचा कण होता. तो फुंकताच तिने डोळे मिटूनच नाक मुरडले आणि मग ती जोरात रडू लागली. असला सुखद आवाज त्याने आयुष्यात ऐकला नव्हता.

प्रमोदिनी दचकून उठली. त्याने मूल तिच्या हातात दिले आणि दोघींना घरात ढकलले. जळते झाप उपसून त्याने विहिरीच्या दोणीत बुडवले. मग तो गच्चीवर गेला. आरसे उजळून उभे होते, नेमून दिलेले काम बिनचूक करत. त्याने चौकट उपटून पालथी पाडली. आरसे फुटल्याचा आवाज झाला, आणि अंगणातला डाग विझला.

राजसबाई भाचीकडे न जाता पुढच्या गाडीने आल्या. मांडवाचे भोक, ओले झाप, विद्याधरच्या खांद्याला प्रमोदिनी लावत असलेले खोबरेल त्यांनी पाहिले. दृष्टीचा विषय त्यांनी काढला नाही. मग त्या म्हणाल्या,

“मुख पाह्याची कण्णाडी म्हणायचें होतें, वाद्यार. नाहीं तर आपला आरसा होता की. आरसा म्हणालां असतां, तर मी आरसे झांकिले असते.”

विज्ञानाने, कोनाने सगळे बरोबर होते.

त्याने काचघरासमोरच्या भिंतीला चुना लावला. चुनाही प्रकाश परतवतो, पण सगळीकडे विखरून. एका जागी कधीच नाही. रोपांना तो अर्धाच पुरला. मूठभर बी हाती आले.

मांडवावर कौले चढली तरी मंगळवार-शुक्रवारी तो कॉलेजला उशिरा जाऊ लागला. सांब्राणी पेटली की तो दाराशी उभा राही आणि वर पाही. अशाच एका सकाळी राजसबाईंनी न्हालेल्या विद्युलतेला उन्हात त्याच्या मांडीवर दिले. तो वर्तमानपत्र बाजूला सारून तिच्यावर वाकला, आणि तिच्या गालावर दोन छोटे उजळ ठिपके पडलेले त्याला दिसले. ते त्याच्या चष्म्यातून पडले होते. वाचायचे भिंग प्रकाश एकवटते. ते किती अंतरावर एकवटते हे त्याला ठाऊक होते. तिचा गाल त्या अंतराच्या निम्म्यावरही नव्हता. अपाय होणे शक्य नव्हते. हे गणित त्याने मनात दोनदा केले आणि दोन्ही वेळा उत्तर तेच आले.

तरी त्याने चष्मा काढला, आणि पालथा घालून मुठीत झाकून धरला.