चौदा नंबरचं हसू

माझं काम सांगितलं की लोक आधी हसतात. मी हसू लावते. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात लोक खदाखदा हसताना ऐकू येतात ना, त्यातलं निम्मं माझ्यासारख्यांनी चिकटवलेलं असतं. रेकॉर्डिंगला प्रेक्षक असतात, नाही असं नाही. पण ते नको तिथे खोकतात आणि हवं तिथे गप्प बसतात. मग जुन्या भागांतलं हसू काढून मी ती जागा बुजवते.

कार्यक्रम माझ्या धाकट्या भावाचा, बारक्याचा. सिनेमात आमच्या, म्हणजे काळ्या, रंगाचा माणूस दिसला की तो चोर नाहीतर ड्रायव्हर; जाहिरातीत तर दिसतच नाही. बारक्या छोट्या छोट्या प्रसंगांतून या सगळ्याची टर उडवायचा. बाबा पहिल्या भागापासून तिसऱ्या रांगेत. पोरगा पहिल्यांदा स्टेजवर आला तेव्हा ते असे पोटातून, थांबत थांबत हसले, की माझे डोळे भरून आले. ते हसू मी कापून ठेवलं. माझ्या यादीत नंबर चौदा.

बाबांची एक सवय होती. दुकानातून निघताना बिल हातात, वर धरलेलं, पार दाराबाहेर जाईपर्यंत. आमच्या रंगाच्या माणसाला दारावरचा गार्ड अडवतोच, मग त्यानं विचारायच्या आधीच दाखवलेलं बरं. लहानपणी आम्हाला त्याची भयंकर लाज वाटायची.

बारक्यानं नेमकं त्यावरच लिहिलं. बिल वर धरून चालणारा म्हातारा. गार्ड चपलांचं बिल मागतो, म्हातारा काढून देतो. शर्टाचं मागतो, तेही देतो. शेवटी दातांचं मागतो. हसायचं होतं गार्डला. लोक हसले म्हाताऱ्याला. आणि म्हातारा थरथरत्या हातानं कवळीचं बिल उलगडतो, तिथे मात्र सगळे चिडीचूप.

शांतता दिसली की माझे हात शिवशिवतात. दुसऱ्या दिवशी भाग द्यायचा होता. लावला चौदा नंबर! बाबा त्याही रेकॉर्डिंगला तिसऱ्या रांगेत बसले होते, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. एवढी मी हुशार.

भाग आम्ही घरी सगळ्यांनी मिळून बघितला. बाबा उठून पाणी प्यायले.

दोन आठवड्यांनी भर दुपारी एका दुकानातून फोन आला, "तुमच्या वडिलांना घेऊन जा." तडक गेले. मागच्या खोलीत, खोक्यांच्या मधोमध, प्लास्टिकच्या स्टुलावर बाबा बसलेले. पुढ्यात एक साबण आणि दाढीची पाती.

"बिल नाही म्हणतात," गार्ड म्हणाला.

मी त्याच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. "पाती चोरायला आलेत का ते? आणि हे कॅमेरे काय शोभेला लावलेत?" शेवटी कॅमेऱ्यात बघितलं, तर बाबा काउंटरवर पैसे देताना स्वच्छ दिसत होते. कुणी साधं सॉरीसुद्धा म्हणालं नाही.

रस्त्यात मी बाबांवरच उखडले. "आयुष्यभर बिल मिरवलंत, आज काय धाड भरली होती?"

"फेकलं मी ते," बाबा म्हणाले. "मागच्या खेपेला वर धरलं, तर हाच गार्ड म्हणाला, 'दातांचं आणलंय का काका?' रांगेतले सगळे हसले."

थोडं चालून ते थांबले. "मी हसलो नव्हतो गं."

"कुठे?"

"रेकॉर्डिंगला. त्या कवळीच्या बिलाला. टीव्हीवर माझंच हसू होतं ना ते?"

"चुकले बाबा," एवढंच तोंडातून निघालं.

चॅनलचे साहेब म्हणाले, दाखवून झालेला भाग परत उघडत नाहीत. बारक्या त्यांच्याशी कडाकडा भांडला आणि मग गाडीत बसून रडला. मी माझ्याकडच्या प्रतीतून ते हसू काढून टाकलं आणि लॅपटॉप घेऊन बाबांच्या शेजारी बसले. म्हाताऱ्यानं बिल उलगडलं. कुणी हसलं नाही.

"हां," बाबा म्हणाले. "मी असाच बसलो होतो."

"बाबा, ते चौदा नंबरचं पुसूनच टाकू का?"

"नको, नको." त्यांनी माझा हात धरला. "ते पहिल्या दिवशीचं आहे. पोरगा उभा राहिला म्हणून हसलो होतो. राहू दे तुझ्याकडे. आता परत तसं यायचं नाही."