दोन पानांत बसेल एवढं

आईने अर्ज करायचं ठरवलं तेव्हा घरात कोणी हसलं नाही, हेच पुष्कळ झालं. ती मुलांच्या वॉर्डात आया होती. चादरी बदलणं, भांडी धुणं, रडणाऱ्या पोराला कडेवर घेऊन व्हरांड्यात फिरवणं, यात तिची निम्मी हयात गेली होती. नर्सिंग कॉलेजने यंदा दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठी काही जागा ठेवल्या होत्या. वयाची अट नव्हती. फक्त 'मला नर्स का व्हायचं आहे' यावर एक निबंध जोडायचा होता.

निबंध आईने एका बैठकीत लिहून काढला. तो बबडीच्या हातात आला तेव्हा तिचे डोळे पांढरे झाले. बबडी म्हणजे आईची एकुलती एक लेक. विमा कंपनीत दिवसभर पत्रं टाइप करणारी, ऑफिसात सगळ्यांची मॅडम, पण घरात अजून बबडीच. आईने कागदाच्या दोन्ही बाजू काठोकाठ भरल्या होत्या. परिच्छेद नाही, समास नाही आणि पूर्णविराम औषधापुरता.

"अगं, श्वास तरी घ्यायचास मध्ये!"

"वॉर्डात कोण घेऊ देतंय श्वास?" आई म्हणाली. ती नुकतीच रात्रपाळी करून आली होती. "बोलते तसंच लिहिलंय. आता तू ते नीटनेटकं कर."

रविवार होता. जेवणाच्या टेबलावर बबडीने कॉम्प्युटर मांडला आणि कॉलेजच्या सूचना मोठ्याने वाचून दाखवल्या. अक्षर बारा आकाराचं, साधं. दोन ओळींमध्ये दुप्पट अंतर. चारी बाजूंनी इंचभर समास. ठळक अक्षरं, अधोरेखा, सजावट काही नको. दोन पानांच्या बाहेर एक ओळ जरी गेली तरी अर्ज बाद.

ओळींमधलं अंतर बघून आई हबकली. "एवढी मोकळी जागा? यात अजून एक निबंध मावेल."

"तपासणाऱ्याला खुणा करायला लागते ती."

"म्हणजे चुका निघणार हे त्यांनी आधीच धरलंय." आईने खुर्ची पुढे ओढली. "बरं, 'सेवा' हा शब्द तरी जाड कर."

"नाही चालत."

"थोडासा?"

खिडकीपाशी बाबा बसले होते. ते घड्याळं दुरुस्त करायचे आणि सुट्टीच्या दिवशीही एखादं उघडून बसल्याशिवाय त्यांना करमत नसे. डोळ्याचं भिंग न काढता ते म्हणाले, "अगं, शब्द आहे का पुरी, थोडासा फुगवायला?"

टाइप करून झालं तेव्हा निबंध तिसऱ्या पानावर चांगला पाच-सहा ओळी सांडला होता. आईला जांभयांवर जांभया येत होत्या. "काय काटायचं ते काट," म्हणत ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली.

बबडीने कात्री चालवायला घेतली. 'अतिशय'चा आईने मुक्त हस्ते वापर केला होता, त्यातले बरेच गेले. एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, त्यातली एक गेली. तरी चार ओळी उरल्या. मग ती पहिल्या पानाच्या मधोमध येऊन थांबली.

'मी पूर्वी याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होते. तेव्हा मला मुलगी झाली. ती सारखी आजारी असायची म्हणून मी शिक्षण सोडलं. तिला घेऊन मी अनेक दिवस मुलांच्या वॉर्डात राहिले.'

यात तिला नवीन काहीच नव्हतं. लहानपणापासून ती हे ऐकत आली होती, तेही हसत हसत सांगितलेलं. पाहुणे आले की आई तिच्याकडे बोट करून म्हणायची, "हिने माझं कॉलेज बंद पाडलं!" आणि सगळ्यांबरोबर बबडीही हसायची. पण तेच आता पडद्यावर सरळ ओळीत, साध्या अक्षरांत उभं होतं आणि त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. तिने ते पुन्हा एकदा वाचलं, सगळ्या ओळी निवडल्या आणि कळ दाबली.

निबंध दोन पानांत चपखल बसला.

आई उठली तेव्हा चहा तयार होता आणि छापलेली पानं टेबलावर होती. ओळीखाली बोट धरून ती वाचू लागली. पहिल्या पानाच्या मध्यावर बोट थांबलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं.

"इथलं कुठे गेलं?"

"जागा नव्हती."

"आणि आमच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरचं कौतुक तेवढं ठेवलंस? चार ओळी तर ते आहे."

बबडीने कप उगाच इकडचा तिकडे केला. "तू माझ्यामुळे शिक्षण सोडलंस हे जगाला कशाला सांगायचं? कोण कुठले लोक वाचणार ते."

खिडकीपाशी चिमट्याचा आवाज थांबला. आई तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काहीतरी पहिल्यांदाच लक्षात आल्यासारखी ती बघत होती.

"तुला असं वाटतं होय? कधीपासून?"

"कधीपासून काय. पाहुण्यांसमोर तूच तर सांगतेस."

"चेष्टेत म्हणते गं मी." आईचा आवाज उतरला. "तुला टोचत असेल असं कधी मनातही आलं नाही."

मग आईने खुर्ची तिच्याजवळ सरकवली. "तू अंगठ्याएवढी होतीस. छाती नुसती खुळखुळायची. मी पुस्तकात सगळं वाचलेलं, पण तुला तसं बघितल्यावर एक अक्षर आठवेना. तिथे एक नर्स होती. तिने मला बाजूला केलं नाही. नळी कशी धरायची, पाठीवर कसं थोपटायचं, सगळं माझ्याच हातून करवून घेतलं. तू बरी होऊन घरी आलीस आणि मला त्या वॉर्डाशिवाय करमेना. आयाची जागा निघाली तशी मी लगेच गेले. बाकीचे म्हणाले, शिकलेली बाई चादरी काय बदलतेस. पण मला तिथेच जायचं होतं."

"हे तू कधी सांगितलं नाहीस."

"विचारलंस कधी? आणि निबंधाचा विषय काय आहे? नर्स का व्हायचंय. ते तिथून तर सुरू झालं, आणि तू नेमकं तेच काटलंस."

बबडीने नाक ओढलं आणि कॉम्प्युटर पुढे घेतला. काटलेल्या ओळी परत आल्या. त्या नर्सची गोष्टही एका ओळीत आत आली. आणि अर्थात निबंध पुन्हा तिसऱ्या पानावर सांडला.

"सिस्टरच्या ओळी काढू?"

"त्या शिफारसपत्र देणार आहेत! त्यांनी वाचलं तर?"

"त्यांना तोंडाने सांग ना," बाबा म्हणाले. "तोंडाला समास नसतो."

सिस्टर गेल्या. तरी एक शब्द, 'कळावे', तिसऱ्या पानावर एकटाच जाऊन बसला. पत्रासारखा शेवट करू नये असं बबडीचं म्हणणं, नमस्कार-चमत्काराशिवाय उठून जाणं आईला उद्धटपणाचं वाटे. त्यावर दोघी इतक्या तावातावाने भांडल्या की बाबा घड्याळ उचलून बाहेर जाऊन बसले. शेवटी आईने हार मानली. शब्द गेला, निबंध बसला आणि अंधार पडायच्या आत अर्ज रवाना झाला.

मुलाखतीला बबडी सोबत गेली. आई बाहेर आली ती घामाघूम होऊन.

"काय विचारलं?"

"हाडांची नावं विचारली. दोन चुकली. मग त्यातल्या वयस्कर बाईंनी विचारलं, ती मुलगी आता कशी आहे? म्हटलं, बाहेर बसलीय, धडधाकट आहे, माझ्याशी रोज भांडते."

बबडी हसली आणि मग तिला एकदम रडूच आलं. आईने पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात दिला, आणि दोघी बसस्टॉपकडे चालू लागल्या.

पहिल्या यादीत आईचं नाव नव्हतं. ते दिवस घरात सगळ्यांनी आवाज न करता काढले. दुसऱ्या यादीत, अगदी तळाशी, नाव लागलं.

वर्ग सुरू झाले आणि पहिल्याच चाचणीत आई जेमतेम काठावर पास झाली. बरोबरच्या पोरी तिच्या निम्म्या वयाच्या, सगळ्या तिच्यापुढे. घरी येऊन तिने पेपर टेबलावर आपटला आणि पुस्तक घेऊन आतल्या खोलीत गेली. स्वयंपाकघरात बाबा आणि बबडी कांदा कोणी चिरायचा यावरून वाद घालत होते.

"हळू बोला रे जरा!" आतून आवाज आला. "इथे माणसं अभ्यास करतायत."