नवव्या गुंडाळीतली गंजी

देवराव वारले त्याला दोन महिने झाले होते, आणि त्यांच्या चुका दुरुस्त करायचं काम त्यांच्या लेकीकडे, प्रभावतीकडे, आलं होतं.

चुका चित्रांतल्या होत्या. देवरावांनी दहा वर्षांत कागदाच्या चौदा लांब गुंडाळ्या रंगवल्या. गुंडाळी लाकडी पेटीत बसवायची, दांडा फिरवायचा, आणि लोकांनी चार भिंगांतून उफराट्या गावाची गोष्ट पाहायची. त्या गावात बैल माणसं जुंपत, कोंबड्या पंचायत भरवत, आणि खुशाल नावाचा भला माणूस डोकं दुखलं की ते काढून पिशवीत ठेवी. आर्णीच्या बाजारात लोक हसत, आणि हसता हसता चुका धरत. खुशालची पिशवी आत्ता उजव्या हातात होती, डाव्या हातात कधी गेली? विहिरीजवळ पहिल्या गुंडाळीत कडब्याची गंजी, दुसरीत तिथंच म्हैस बसलेली, तिसरीत मडक्यांची उतरंड, हे कसं? देवराव दांडा न थांबवता म्हणायचे, उफराट्या गावात कोणी एका जागी बसत नाही.

विहिरीजवळचं खरं कारण घरात आणि वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या तीन गुंडाळ्या दीक्षेच्या आधीच्या. तेव्हा विहिरीजवळ शेंदरी देव होता. छप्पन साली नागपूरहून परतल्यावर देवरावांनी घरातले देव नदीत सोडले आणि दुसऱ्या दिवशी चित्रांतले देव झाकायला बसले. हाताला जे सुचेल ते त्यांच्यावर रंगवत गेले. चौदा वर्षांची प्रभावती शेजारी बसून रंगात धावड्याचा डिंक खलत होती. "डिंक चांगला घाल," ते म्हणाले होते. "पुन्हा वर नाही आले पाहिजे."

तेव्हापासून प्रत्येक रंग तिच्याच हातून खलला गेला.

आता दीक्षेच्या वर्षदिनी, येत्या बुधवारी, चौदाही गुंडाळ्या ओळीनं दाखवायचं गावातल्या उत्सव समितीनं ठरवलं होतं. यवतमाळहून पाहुणे येणार होते. समितीचा चिटणीस भीमराज हा नुकता मॅट्रिक झालेला, नीटनेटका गडी. पाहुण्यांनी हसू नये म्हणून त्यानं सदतीस चुका वहीत उतरवून आणल्या होत्या.

आणि सोमवारी दहा वाजता प्रभावतीला यवतमाळच्या दवाखान्यात नर्सच्या ट्रेनिंगसाठी हजर व्हायचं होतं. नाही गेलं तर नाव कटणार, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. तिनं ते बापूजींना, म्हणजे थोरल्या काकांना, वाचून दाखवलं. बापूजींनी नाही म्हटलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि कार्यक्रम तेवढा होऊ दे, मग मी स्वतः जाऊन साहेबाला भेटतो, असं सांगितलं. पेटी तिच्याशिवाय कोण चालवणार होतं?

एकोणसाठ साली असंच पत्र आलं होतं. आईला जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते. देवराव म्हणाले होते, महिनाभर थांब, मग मी स्वतः पोचवतो. महिन्यानंतर त्यांनी नवी गुंडाळी काढली आणि रंग मागितला. घरात कोणी तिच्यावर कधी ओरडलं नाही. ओरडणाऱ्याशी भांडता तरी आलं असतं. इथं सगळे तिला इतक्या मायेनं थांबवत की दाराला कडी लावायची गरज कोणाला पडली नाही.

शनिवारी दुपारी ती अंगणात कांबळं पसरून बसली होती. भीमराज वहीतली चूक वाचे, ती दुरुस्त करी. पिशवी उजव्या हातात आली. नवव्या गुंडाळीवर तो अडला.

"इथं रस्त्याच्या कडेला गंजी आहे ताई. आगेमागे कुठंच नाही. इथं कोणता देव होता?"

नववी गुंडाळी दीक्षेनंतर तीन वर्षांनी काढलेली. तिच्यात देव असणं शक्य नव्हतं. प्रभावतीनं गंजीवर अंगठा ठेवला. अंगठा पिवळा झाला.

तिनं पुन्हा दाबून पाहिलं. नुसती पिवळी माती होती, पाण्यात कालवून लावलेली. डिंक नव्हता. हा रंग तिनं खलला नव्हता.

कोरड्या फडक्यानं तिनं हलकेच पुसलं तशी गंजी पिठासारखी झडली. खाली यवतमाळची मोटार उभी होती. हाकणारा बैल होता, आणि तो उतरून दार उघडून धरत होता. दारासमोर पत्र्याची पेटी घेतलेली मुलगी. तोंड ज्वारीच्या दाण्याएवढं, पण डावं पाऊल किंचित आत वळलेलं. प्रभावतीनं आपलं पाऊल लुगड्याखाली ओढलं.

भीमराजनं वाकून पाहिलं. चित्र त्याला आवडलं. पण त्यानं लगेच दहावी गुंडाळी उलगडली.

"हे पाहा. गेलेली पोरगी इथं घरात भाकरी वाढून राह्यली. ही तर नवीच चूक निघाली. गंजी वापस लावा ताई, या वेळी डिंक घालून."

तिला जायचंच आहे हे वडिलांना माहीत होतं, एवढं तिला कळलं. माहीत असून ते पाच वर्षं तिच्या हातची भाकरी खात गप्प राहिले, हेही कळलं. ज्याच्यावर राग धरावा, तो माणूस आता नव्हता. ती वाटी घेऊन आत गेली, डिंक भिजत घातला, आणि तो विरघळेपर्यंत चुलीपाशी बसून राहिली.

बाहेर आल्यावर तिनं नववी गुंडाळी तशीच गुंडाळून ठेवली आणि दहावी पुढ्यात ओढली. भिंतीचा रंग कालवला आणि भाकरी वाढणाऱ्या मुलीवर पहिला हात फिरवला. पदर गेला, वेणी गेली. थाळी तेवढी तिनं ठेवली. ती हवेत राहिली, आणि समोर बसलेला म्हातारा वर पाहत तिच्याकडे हात पसरून होता. तो म्हातारा देवरावांनी आपल्याच नाकाडोळ्याचा काढला होता. प्रभावतीचा कुंचला तिथं थोडा थांबला.

"थाळी उडून राह्यली न ताई," भीमराज म्हणाला.

"बैल मोटार हाकते ते चालते तुले. थाळी कायले नाही चालत?"

त्याला हसू आलं, मग ते विरलं. त्यानं चौदाव्या गुंडाळीपर्यंत पाहिलं. ती मुलगी आणखी अठरा जागी होती. विहिरीवर, चुलीपुढं, दारात. सगळीकडून काढली तर घागरी आपल्याआप चालतील, झाडू आपल्याआप फिरेल. लोकांना ते आवडेल, हे त्याला कळत होतं. दुसरंही कळत होतं.

"बुधवारी दांडा कोण फिरवन?"

"तू."

"अन् बापूजीले काय सांगू?"

"ते मी आज सांगतो त्यायले," ती म्हणाली. "तू उद्या सकाळी फक्त माझी पत्र्याची पेटी मोटारीपर्यंत आणून दे."

भीमराजनं वही मिटली. मग त्यानं विचारलं, बुधवारी पाहायला तरी याल का. तिनं मान वर केली नाही. डिंक वाळत चालला होता, आणि पुढच्या चित्रात मुलगी म्हाताऱ्याच्या उशाशी कंदील धरून उभी होती.