दारावरची पाटी

निरुपमाला जीएसटी नंबर घ्यायचा नव्हता. कारेलीबागेतल्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलावर बसून ती पंपांच्या भागांची ड्रॉइंग काढून द्यायची. वर्षाची कमाई इतकी थोडी, की कायद्याने नंबर लागतच नव्हता. पण पुण्याच्या एका कंपनीने सांगितलं, नंबर असेल तरच काम मिळेल.

"विचार करून घ्या," करसल्लागार नलिनीबेन म्हणाल्या होत्या. "एकदा नंबर घेतला की काम असो वा नसो, रिटर्न भरावंच लागतं. शून्याचंसुद्धा. चुकलं तर दंड."

तरी तिने अर्ज करायचं ठरवलं. पत्ता घराचाच द्यायचा होता, आणि घर सासऱ्यांच्या, फत्तेसिंहरावांच्या नावावर होतं, म्हणून त्यांचं संमतीपत्र हवं होतं. युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात उभा जन्म काढलेला माणूस, न वाचता कशावर सही करत नसे. पण त्या दिवशी निरुपमा म्हणाली, "कंपनीचे कागद आहेत, आबासाहेब," आणि चष्मा सापडत नव्हता म्हणून त्यांनी सही केली. चष्मा शोधून द्यायला ती उठली नाही.

नंबर मिळाला. तीन महिने बरे गेले. मग एका दुपारी ती झेरॉक्स काढायला गेली असताना दोन अधिकारी आले. खोट्या पत्त्यांवर घेतलेले नंबर शोधायची मोहीम चालू होती. त्यांनी फत्तेसिंहरावांना गुजरातीत विचारलं, "काका, अहीं कोई धंधो चाले छे?"

"आ घर छे," फत्तेसिंहराव म्हणाले. "अहीं कोई धंधो नथी."

दारावर पाटी नव्हतीच. अधिकारी तेवढं लिहून घेऊन गेले.

दोन दिवसांनी नोटीस आली. दिलेल्या पत्त्यावर व्यवसाय आढळला नाही, नंबर रद्द का करू नये, सात दिवसांत कळवा. तोवर नंबर स्थगित.

"म्हणजे आता बिल करता येणार नाही," नलिनीबेन फोनवर म्हणाल्या. "पण मागच्या महिन्याचं रिटर्न मात्र भरायचंच. आणि सासऱ्यांकडून लिहून आणा की काम घरातच चालतं. नावाची पाटीही लावायला हवी होती. सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं होतं. निरुपमाने पाटी करूनही आणली होती. ती कपाटात साड्यांखाली पडून होती.

संध्याकाळी तिने सासऱ्यांपुढे कागद ठेवला. त्यांनी या वेळी चष्मा लावून सगळं वाचलं.

"मी खोटं बोललो, असं मीच लिहून देऊ?"

"खोटं नाही, आबासाहेब. तुम्हाला माहीत नव्हतं, एवढंच."

"माहीत होतं," ते म्हणाले. "रोज बघतो. पण दारावर सुनेच्या नावाची पाटी लागली की अख्खी सोसायटी विचारेल, अविनाश काय करतो म्हणून. काय सांगू?"

अविनाश, तिचा नवरा, तिथेच बसला होता. मकरपुऱ्यातली त्याची नोकरी जाऊन चौदा महिने झाले होते. तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडे, आणि तो कुठे जातो हे घरात कोणी विचारत नसे. निरुपमाने कागद तसाच, सहीविना उचलला.

पुढचे तीन दिवस ती त्याच टेबलाशी बसून राहिली. पुण्याच्या कंपनीने दोन ड्रॉइंग मागितली होती. ती काढली तर बिल करता येत नव्हतं, नाही काढली तर काम दुसरीकडे जाणार होतं. कामाचा पत्ता बदलावा म्हणून तरसालीत एक खोली भाड्याने बघितली, तर मालक संमतीपत्र द्यायला तयार नव्हता. सासरे समोरच पेपर वाचत बसत. दोघांना एकमेकांच्या श्वासाचा आवाज येई.

पाचव्या दिवशी सकाळी दारावर ड्रिल मशीनचा आवाज झाला. अविनाश नुसत्या बनियनवर, स्टुलावर चढून साड्यांखालची ती पाटी लावत होता. समोरच्या मंदाताई दार उघडून बघत राहिल्या.

"अरे वा, हे काय?" त्यांनी विचारलं.

"हिचा धंदा आहे," अविनाश म्हणाला. "माझी नोकरी गेलीय. सध्या हिच्यावरच चाललंय." तो पुन्हा पाटीकडे वळला. शेवटचा स्क्रू पिळूनच खाली उतरला.

आतून फत्तेसिंहरावांच्या खोलीचं दार लागल्याचा आवाज आला.

पाटीचा फोटो, वीजबिल, तिने काढलेली ड्रॉइंग असं सगळं जोडून उत्तर गेलं. अधिकारी पुन्हा आले. या वेळी फत्तेसिंहराव गॅलरीत पाठ करून बसले होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. आठवड्याने नंबर पूर्ववत झाला.

तेव्हापासून फत्तेसिंहराव पुढच्या दाराने ये-जा करत नाहीत. स्वयंपाकघरामागच्या अरुंद जिन्याने काठी टेकत उतरतात, आणि वाळत घातलेल्या कपड्यांमधून वळसा घालून फाटकाशी जातात. जेवायलाही टेबलावर येत नाहीत. ताट खोलीत न्यावं लागतं.

"नंबर परत करू या का?" एकदा अविनाशने विचारलं.

"त्यालाही अर्ज आहे. शिवाय मग पुण्याचं काम जाईल. आणि पाटी काढली म्हणून ते पुढच्या दाराने येतील, असं वाटतं तुला?"

त्याने नकारार्थी मान हलवली. मागच्या जिन्यावर काठीचा आवाज येत होता. निरुपमा उठून दिवा लावून आली, जिना अंधारा होता म्हणून. मग तिने लॅपटॉप ओढला. उद्या वीस तारीख होती, रिटर्नची शेवटची.