चार टक्के

मारोतराव गजघाटे भिलाईच्या कारखान्यात, रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या मिलमध्ये चार्जमन होते. सव्वीस वर्षं त्यांनी टक्के एकाच अर्थाने वाचले होते. प्रॉडक्शन शंभराच्या वर गेलं की सेक्शनमध्ये लाडू वाटायचे, खाली आलं की साहेबाची बोलणी खायची.

म्हणून ललिताच्या, म्हणजे बायकोच्या, छातीतून काढलेल्या कॅन्सरच्या गाठीचा मुंबईहून आलेला रिपोर्ट त्यांनी दवाखान्याच्या व्हरांड्यात उघडला, आणि 'चार टक्के' वाचून तिला घेऊन ते तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

"चारच?" डॉक्टर वसुंधराबाईंसमोर ते कसेबसे बोलले. "सांगा मॅडम, इले नागपूरले नेऊ का?"

"अहो, पेशी दुप्पट व्हायच्या तयारीला लागली की तिच्यात एक प्रथिन दिसतं," बाई हसून म्हणाल्या. "शंभरातल्या किती पेशींत ते दिसलं, त्याचा हा आकडा. चाळीस असता तर मलाच घोर लागला असता. गाठ आळशी होती, आणि आता तर ती काढलीही आहे. पुढचं चांगलंच दिसतंय."

"म्हणजे प्रॉडक्शन थंडं?"

"अगदी थंड."

"मी केव्हाची हेच सांगून राहिली, घाबरू नका," ललिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मारोतराव लाडवांचा डबा घेऊनच ड्युटीवर गेले. जोडीदार भय्याजीने सवयीने लाडू उचलला.

"किती झाले?"

"ललिताचा रिपोर्ट आला. चार टक्के."

भय्याजीने लाडू हळूच डब्यात परत ठेवला आणि मारोतरावांच्या खांद्यावर हात ठेवला.

"फिकर नको करू भाऊ. पुढच्या महिन्यात वाढन."