कोरी बाटली

ही गोष्ट एकोणीसशे त्र्याऐंशी सालची. मी तेव्हा प्रयोगशाळेत मदतनीस होते. काचसामान धुणं आणि नमुने तयार करणं ही माझी कामं. त्याच इमारतीची डागडुजी आमच्या ह्यांच्याकडे होती.

आमच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणत. उंचीने त्या माझ्या खांद्याला लागत. सात वर्षं दर उन्हाळ्यात त्या ध्रुवाजवळच्या एका बेटावर जाऊन समुद्रपक्ष्यांची अंडी आणत होत्या, दर वर्षी मोजून वीस. हजार मैलांत कारखाना नाही, पण तिथले पक्षी महिनाभर अंड्यांवर बसत आणि पिल्लू काही निघत नसे. कारखान्यांतलं एक तेलकट रसायन वाऱ्याबरोबर, माशांच्या पोटातून तिथवर पोचतं, असं बाईंचं म्हणणं होतं. त्या वसंतात बाई सरकारी समितीपुढे आकडे मांडणार होत्या. पटले तर रसायनावर बंदी, नाही तर फाइल बंद.

अंड्याचा बलक मी पाणी शोषणाऱ्या एका पांढऱ्या भुकटीत घोटायची, उघड्या बशीत दोन दिवस वाळवायची आणि त्यातली चरबी काढून यंत्रावर द्यायची. यंत्राची सुई कागदावर रेघ ओढे. रसायन असलं की रेघेला डोंगर येई. दर खेपेला एक कोरी बाटलीही चालवायची. तीच भुकटी, तीच भांडी, फक्त अंडं नाही. तिची रेघ सपाट आली म्हणजे आपले हात स्वच्छ. माझी सात वर्षं सपाट आली होती. यंत्रावरच्या तंत्रज्ञाला आम्ही सुईवाला म्हणायचो. तो म्हणे, "वहिनी, तुमची कोरी बाटली म्हणजे माझी डुलकीची वेळ."

खिडकीकडचं टेबल अंड्यांच्या बशांनी भरलेलं असे, म्हणून कोऱ्या बाटलीसाठीची बशी मी नेहमी आतल्या टेबलावर ठेवायची. त्या फेब्रुवारीत आतल्या टेबलावर नवा तराजू बसवला. मी बशी खिडकीपाशी ठेवली.

दोन दिवसांनी सुईवाला कागद घेऊन आला. रेघेला डोंगर होता.

"वहिनी, हात धुतले होते ना?"

"तुझ्या जन्माआधीपासून धुतेय!"

तीनदा पुन्हा केलं, तीनदा डोंगर आला. मग मोठ्या बाई खिडकीपाशी गेल्या आणि चौकटीच्या फटीत भरलेलं काळं लुकण त्यांनी नखाने खरवडलं. "हे कोणी भरलं?"

"आमच्या ह्यांनी," मी म्हणाले. पहिल्याच हिवाळ्यात मी घरी कुरकुर केली होती, "अहो, खिडकीतून वारा येतो, बोटं वळत नाहीत." ह्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन फटी बुजवल्या होत्या. सगळ्यांत टिकाऊ लुकण आणलं होतं, वर्षानुवर्षं न तडकणारं. बाईंनी नखातला तुकडा यंत्रावर दिला, तर सुई कागदाबाहेर गेली. तेच रसायन. सात वर्षं ते हवेतून खिडकीकडच्या उघड्या बशांत उतरत होतं, आतल्या कोऱ्या बशीपर्यंत पोचत नव्हतं.

"बाई, पक्ष्यांत ते आहेच की," सुईवाला म्हणाला. "पिल्लं काय आपल्या खिडकीमुळे मेली?"

"आहेच. पण पक्ष्यांचं किती आणि खिडकीचं किती? उन्हात लुकण तापलं की जास्त, ढगाळ दिवशी कमी. वजा काय करू?"

"कारखान्यांचा वकील इथे येऊन खिडकी चाटणार आहे का?"

"तो कशाला? मी बघितलीय ना."

शिल्लक बलकही त्याच टेबलावर वाळलेला होता. कोरं असं काही उरलंच नव्हतं.

हे पटाशी घेऊन धावत आले. "काढून टाकतो ना, बाई. एका दुपारचं काम."

"काढा. पण सात वर्षांचं काय करायचं, भाऊ?"

त्यांनी काढलं. चौकट लाकडापर्यंत खरवडली. घरी जेवताना इतकंच म्हणाले, "तू म्हणाली होतीस, थंडी वाजते."

"हो. मीच म्हणाले होते."

बाईंनी समितीला चार ओळींचं पत्र लिहून आकडे मागे घेतले. समितीने आभार मानले आणि फाइल बंद केली.

बाईंनी पुढे दोन वर्षं नव्याने जाण्यासाठी अर्ज केले, पण बोटीवर जागा मिळाली नाही. मग त्या शाळेत शिकवू लागल्या. मुलांच्या वह्या तपासता तपासताच एका दुपारी गेल्या. सुईवाला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला. त्याला दोष देववत नाही, घरात चार तोंडं होती. आमचे हे निवृत्तीपर्यंत त्याच इमारतीत राहिले, पण रंगाचा, लुकणाचा कुठलाही डबा उघडण्याआधी मला विचारायचे, "हे चालेल ना गं?" मला काय कळणार होतं? मी "चालेल" म्हणायची. त्यांना जाऊन चौदा वर्षं झाली.

बंदी आली, पण अकरा वर्षांनी आणि दुसऱ्या कोणाच्या आकड्यांवर. तोवर त्या बेटावरचे निम्म्याहून जास्त पक्षी संपले होते.